कीटकांच्या जन्मजात प्रतिकारव्यवस्थेचे नियमन : आधुनिक संशोधनाचे एक परीक्षण

कीटकांच्या शरीरात जीवाणूंचा शिरकाव झाला असता त्यांच्या ठिकाणी जी प्रतिकारात्मक प्रतिक्रिया उद्भवते, तिचा पद्धतशीर अभ्यास गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. ह्या काळात जमा झालेली माहिती विपुल आहे आणि तिच्यातील बराच भाग निर्विवाद आहे. तथापि ह्या माहितीची जी मांडणी पाठ्यग्रंथांतून व परामर्शलेखांतून रूढ झाली आहे, तिच्याविषयी असे म्हणता येत नाही. रूढ मांडणीत प्रतिक्रिया सुरू कशी होते ह्या प्रश्नाला मुख्य स्थान मिळते. ती किती व्हावी, कोठे व्हावी आणि केव्हा थांबावी ह्या प्रश्नांना प्रकरणाच्या अखेरीस 'ऋण नियामक' अशा एका मथळ्याखाली थोडीशी जागा दिली जाते. उपलब्ध पुरावा बारकाईने तपासला असता हा क्रम उलटा करावा लागतो, हे दाखविणे हा प्रस्तुत परीक्षणाचा हेतू आहे. तसे करीत असताना खुद्द ह्या पुराव्याच्या मर्यादा कोणत्या, हेही पाहणे अगत्याचे आहे.

१. पूर्वपीठिका

कीटकांच्या शरीरात प्रतिपिंडे निर्माण होत नाहीत. सस्तन प्राण्यांत एकदा भेटलेल्या जंतूची ओळख वर्षानुवर्षे जपून ठेवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्याही कीटकांत नाहीत. असे असूनही कुजक्या फळांवर, शेणामातीत आणि साठविलेल्या धान्यात कोट्यवधी जीवाणूंच्या सान्निध्यात कीटक सुखाने जगतात. ह्या विरोधाभासाचे पहिले रासायनिक उत्तर स्वीडनमध्ये हान्स बोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. फळमाशीच्या (ड्रॉसोफिला) शरीरात जीवाणू टोचले असता तिच्या ठिकाणी जीवाणुनाशक शक्ती नव्याने उत्पन्न होते, हे त्यांनी १९७२ साली दाखविले. पुढे १९८१ साली सेक्रोपिया ह्या मोठ्या रेशीम-पतंगाच्या कोशांपासून 'सेक्रोपिन' नावाची दोन पेप्टाइडे वेगळी काढून त्यांतील अमिनो अम्लांचा क्रम त्यांनी प्रसिद्ध केला. कीटकाचे रक्त जीवाणूंना मारते, ही केवळ निरीक्षणाची गोष्ट त्यामुळे रसायनशास्त्राच्या कक्षेत आली.

ह्यानंतरचा टप्पा आनुवंशिकीचा होय. १९८९ साली चार्ल्स जेनवे ह्यांनी एक तात्त्विक विचार मांडला होता. जंतूंच्या शरीरात असणारे, परंतु आश्रयी प्राण्याच्या शरीरात मुळीच नसणारे असे काही ठरावीक रेणुबंध ओळखणारे ग्राही असलेच पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९५ साली फळमाशीतील 'इम्ड' ह्या उत्परिवर्तनाचे वर्णन प्रसिद्ध झाले. १९९६ साली ब्रूनो लमेत्र, जूल्स हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, भ्रूणाची पाठ व पोट निश्चित करणारे म्हणून पूर्वी माहीत असलेले 'टोल' हे जनुक प्रौढ माशीचे बुरशीपासून रक्षण करते, हे सिद्ध केले. १९९७ साली मनुष्यातील तत्सम जनुकाचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि १९९८ साली उंदरातील टोलसदृश ग्राहीचा जीवाणूंच्या विषाशी असणारा संबंध उघड झाला. २०११ सालच्या नोबेल पारितोषिकात हॉफमन व ब्रूस ब्यूटलर ह्यांच्या वाट्याला आलेला भाग ह्याच कार्याबद्दलचा होता.

हे यश इतके लखलखीत होते की, त्याच्या प्रकाशात एक विशिष्ट चित्र संशोधकांच्या मनावर ठसले. जंतू आला, ग्राहीने तो ओळखला, पेशीत संदेश गेला, जनुके जागी झाली आणि पेप्टाइडांचा पूर लोटला, असे ते चित्र आहे. बटण दाबावे आणि दिवा लागावा तसा हा प्रकार दिसतो. चित्र खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण ज्या ठिकाणी उघडकीस येते तीच ठिकाणे ह्या विषयात सर्वांत अर्थपूर्ण आहेत.

२. ओळखीचा प्रश्न आणि एक सोयीस्कर विभागणी

जंतूची ओळख पटविणाऱ्या प्रथिनांचा शोध फळमाशीत लागलेला नाही, हे प्रथम नमूद करणे न्याय्य ठरेल. १९९६ साली जपानमध्ये योशिदा, किनोशिता व आशिदा ह्यांनी रेशीमकिड्याच्या रक्तातून एक प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळविले. जीवाणूंच्या पेशीभित्तीतील पेप्टिडोग्लायकन ह्या द्रव्याला ते चिकटत असे. ह्याच कुळातील अनेक प्रथिने पुढे फळमाशीत आढळली आणि 'पीजीआरपी' ह्या संक्षिप्त नावाने ती ओळखली जातात. त्यांपैकी पीजीआरपी-एसए हे टोल मार्गाच्या तोंडाशी असल्याचे २००१ साली, तर पीजीआरपी-एलसी हे इम्ड मार्गाचे ग्राही असल्याचे २००२ साली तीन स्वतंत्र प्रबंधांवरून निश्चित झाले.

ह्यावरून जी विभागणी पाठ्यग्रंथांत आली ती अशी : टोल मार्ग बुरशी व ग्रॅम-धन जीवाणूंसाठी आणि इम्ड मार्ग ग्रॅम-ऋण जीवाणूंसाठी. शिकविण्यास ही विभागणी सोपी आहे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून ती आजही जशीच्या तशी उतरते. परंतु २००३ साली ल्यूलिए व सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी तिचा पाया बदलला. माशी जीवाणूचा ग्रॅमरंग पाहत नाही. पेप्टिडोग्लायकनच्या साखळीत तिसऱ्या स्थानी लायसीन आहे की मेसो-डायॅमिनोपिमेलिक अम्ल आहे, हे ती पाहते. बॅसिलस वंशातील जीवाणू रंजनाच्या दृष्टीने ग्रॅम-धन असले, तरी त्यांच्या भित्तीत दुसऱ्या प्रकारचे अम्ल असते, आणि म्हणून ते इम्ड मार्ग चेतवितात. बुरशीच्या बाबतीत तर आणखी एक वाट आहे. पर्सेफोन नावाचे प्रथिन जंतूचा कोणताही रेणुबंध ओळखीत नाही. जंतूने सोडलेल्या प्रथिनभंजक विकरांमुळे ते स्वतःच कापले जाते आणि त्या कापले जाण्यानेच संदेश सुरू होतो. येथे ओळख जंतूच्या रूपाची नसून त्याच्या कृतीची आहे. जेनवे ह्यांच्या कल्पनेत ही शक्यता बसत नव्हती. त्यांच्या कल्पनेचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, तथापि तिलाच संपूर्ण सिद्धान्त मानण्याची प्रथा आता सोडावयास हवी.

ह्या भागातील सर्वांत मोलाचा शोध २००४ सालचा आहे. इम्ड मार्ग चेतविण्यास पेप्टिडोग्लायकनची मोठी साखळी लागतेच असे नाही. तिचा अगदी लहान एकेरी तुकडाही पुरतो, हे त्या साली दिसून आले. जीवाणू वाढताना व दुभंगताना आपली भित्ती सतत मोडतो आणि बांधतो, आणि ह्या उलाढालीत असे तुकडे बाहेर पडतात. म्हणजे माशीच्या पेशीपर्यंत पोचणारी वार्ता 'जीवाणू आहे' एवढीच नसून 'जीवाणू वाढत आहे' अशीही असू शकते. ही वार्ता कमीअधिक प्रमाणाची आहे; आणि जेथे प्रमाण आले तेथे नियमन ओघानेच येते.

३. 'ऋण नियामक' ह्या संज्ञेखाली काय काय दडले आहे

इम्ड मार्गाची रूपरेषा थोडक्यात अशी सांगता येईल. ग्राहीला तुकडा चिकटला की आतील बाजूस इम्ड, फॅड व ड्रेड ही प्रथिने एकत्र येतात. पुढे टॅक-१ व त्यानंतरचा विकरसमूह कार्यान्वित होतो. रेलिश नावाचे प्रथिन दुभंगते, त्याचा एक भाग केंद्रकात जातो आणि डिप्टेरिसिनसारख्या पेप्टाइडांची जनुके वाचली जाऊ लागतात. ह्या मार्गावर अंकुश ठेवणारे घटक इतके सापडले आहेत की त्यांची यादी करणे सोपे, परंतु त्यांचा अर्थ लावणे अवघड झाले आहे. 'ऋण नियामक' ह्या एका शब्दाने त्या सर्वांची बोळवण केल्यामुळे ही अडचण वाढली आहे. वस्तुतः त्यांत निदान चार वेगळ्या क्रिया आहेत.

पहिली क्रिया संदेश पोचण्यापूर्वीच तो नष्ट करण्याची. पीजीआरपी-एलबी हे त्याच कुळातील प्रथिन असले, तरी ते निव्वळ ग्राही नाही. पेप्टिडोग्लायकनमधील शर्करा व पेप्टाइड ह्यांमधला बंध तोडणारे ते विकर आहे. तोडलेल्या तुकड्याला चेतविण्याची शक्ती उरत नाही. २००६ साली झैदमन-रेमी व सहकाऱ्यांनी दाखविले की, हे प्रथिन नसलेल्या माशीला जीवाणू नुसते खाऊ घातले, तरी आतड्यातील तुकडे रक्तात उतरून साऱ्या शरीरात प्रतिक्रिया पेटते. त्यात पुन्हा हे प्रथिन निर्माण करण्याची आज्ञा इम्ड मार्गाकडूनच येते. म्हणजे मार्ग जितका जोराने चालू होतो, तितकी त्याला चेतविणाऱ्या द्रव्याची वासलात लवकर लागते.

दुसरी क्रिया ग्राहीची वाट अडविण्याची. पीजीआरपी-एलएफ हे पेशीपटलावर असते, पेप्टिडोग्लायकनला चिकटत नाही, पण ग्राहीशी जोडी जमवून त्याला निष्क्रिय ठेवते. ते काढून टाकले असता कोणताही संसर्ग नसताना मार्ग चालू होतो, असे २००८ साली आढळले. ह्याचा अर्थ असा की, ह्या व्यवस्थेची 'स्वस्थ' अवस्था ही आपोआप लाभलेली नसून ती सतत राखून ठेवावी लागते.

तिसरी क्रिया ग्राही व त्याचे आतील सोबती ह्यांची फारकत करण्याची. तिचा विचार पुढील परिच्छेदात केला आहे. चौथी क्रिया केंद्रकात घडते, आणि कोणत्या पेशीत कोणते जनुक वाचावयाचे नाही हे ती ठरविते. ह्या चारही क्रियांचा परिणाम 'कमी डिप्टेरिसिन' असा एकच दिसतो हे खरे. परंतु पहिली क्रिया प्रतिक्रियेचा उंबरठा ठरविते, दुसरी तिची स्थिर अवस्था, तिसरी तिचा कालावधी आणि चौथी तिचे स्थान. उंबरठा, स्थिरता, कालावधी व स्थान ह्या चार वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने हाक मारणे हा शास्त्रीय भाषेतील आळस होय. त्याचे फळ असे की, एखाद्या नव्या प्रथिनाला 'ऋण नियामक' म्हटले की त्याचे स्पष्टीकरण झाले, असा समज होऊ लागतो.

४. एक जनुक, तीन नावे

तिसऱ्या क्रियेचा इतिहास मननीय आहे. २००८ साली फिनलंड, इंग्लंड व अमेरिका येथील तीन गटांनी एकाच जनुकाचा शोध जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध केला आणि त्याला तीन नावे दिली : पर्क, पिम्स आणि रुद्र. तिसरे नाव भारतीय वाचकास ओळखीचे आहे. आता मात्र वाङ्मयात पहिले नाव रुळले आहे. तिन्ही गट एका गोष्टीवर सहमत होते : हे प्रथिन इम्ड मार्गामुळेच निर्माण होते आणि निर्माण झाल्यावर तोच मार्ग मंदावते. मतभेद होता तो 'कसे' ह्याविषयी. पिम्सच्या संशोधकांना असे दिसले की, ह्या प्रथिनामुळे ग्राही पेशीपटलावरून नाहीसे होते. रुद्रच्या संशोधकांना असे दिसले की, ग्राही व इम्ड ह्यांच्यामध्ये ते शिरते आणि दोघांचा संयोग मोडते. पर्कच्या संशोधकांनी त्याचा इम्ड व ग्राही ह्या दोहोंशी होणारा संपर्क पेशीद्रवात दाखविला.

अनेक परामर्शलेखांत ह्या तीन निष्कर्षांना एकमेकांचे समर्थन मानून एका वाक्यात गुंफलेले आढळते. असे करणे सोयीचे असले तरी उचित नव्हे. ग्राही पटलावरून हलविणे आणि ग्राहीचा आतील संयोग मोडणे ह्या क्रिया काळाच्या दृष्टीने भिन्न आहेत. पहिलीत पेशी काही काळ बहिरी होते आणि नवे ग्राही येईपर्यंत तिला ऐकू येत नाही. दुसरीत अडसर दूर होताच ती पुन्हा ऐकू शकते. ज्या माशीला लागोपाठ दोनदा संसर्ग होतो तिच्या दृष्टीने हा भेद जीवनमरणाचा ठरू शकेल. तीन स्वतंत्र प्रयोगांनी एकच जनुक हाती यावे ही ह्या शोधाची भक्कम बाजू आहे. परंतु जनुकावर एकमत झाले म्हणजे यंत्रणेवरही झाले, असे मानणे हा तर्कदोष आहे. तिन्ही प्रबंध शेजारी ठेवून वाचणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी उत्तम पाठ ठरेल. एकाच वस्तूचे निरनिराळ्या साधनांनी निरनिराळे दर्शन कसे घडते, हे त्यातून समजते.

ह्याच जनुकाविषयी आणखी एक निष्कर्ष येथे नोंदविला पाहिजे. हे प्रथिन नसलेल्या माशांत दिसणारी अकारण प्रतिक्रिया आतड्यातील नेहमीच्या जीवाणूंमुळे होते. जंतुरहित वाढविलेल्या माशांत ती बरीच ओसरते. म्हणजे ज्याला 'संसर्ग नसलेली माशी' म्हणावयाचे, तिच्या पोटातही संदेश अहर्निश येतच असतात, आणि तिची शांतता ही त्या संदेशांना दिलेल्या मर्यादित उत्तराचे नाव आहे.

५. आतडे : कॉडल जनुकाचा पुरावा व त्याची किंमत

हा विचार ज्या प्रबंधाने सर्वाधिक ठामपणे पुढे नेला तो कोरियातील र्यू, वॉन-जे ली व सहकाऱ्यांचा २००८ सालचा होय. माशीच्या मध्यांत्राच्या मागील भागात रेलिश नेहमीच केंद्रकात गेलेले आढळते. तरीही पेप्टाइडांची जनुके तेथे मूक असतात. त्यांना मूक ठेवणारे प्रथिन कॉडल हे आहे. ते कमी केले असता पेप्टाइडांचे उत्पादन वाढते, आतड्यातील जीवाणूंचे प्रमाण बदलते, एरवी अल्पसंख्य असणारा ग्लुकोनोबॅक्टर जातीचा एक जीवाणू बळावतो, आतड्याच्या पेशी मरतात आणि माश्या लवकर दगावतात. जंतुरहित माशांत ही हानी दिसत नाही.

ह्या प्रबंधाचे गुण स्पष्ट आहेत. प्रतिक्रिया अति झाली तर होणारी हानी केवळ पेप्टाइडांच्या विषारीपणाने होत नाही, तर जीवाणूंच्या वसाहतीतील समतोल ढळल्याने होते, हा विचार त्याने प्रयोगाच्या पायावर उभा केला. कॉडलला हात न लावता पेप्टाइडे वाढविली तरी वसाहत बदलते, हे दाखवून एका संभाव्य आक्षेपाचे उत्तरही दिले. रेलिश केंद्रकात असूनही निवडक जनुकेच वाचली जातात, ह्या निष्कर्षामुळे तर 'मार्ग चालू' व 'मार्ग बंद' ही भाषाच अपुरी ठरली.

तथापि त्याच्या आधारे पुढे जे सर्वसामान्य विधान प्रचलित झाले, ते जपून स्वीकारले पाहिजे. पेप्टाइडे वाढविल्याने वसाहत बिघडते, ह्यावरून निरोगी माशीत पेप्टाइडेच वसाहत घडवितात असे सिद्ध होत नाही. मीठ अधिक पडल्याने भाजी खारट होते, म्हणून भाजीची सारी चव मिठाची असे कोणी म्हणत नाही. त्यासाठी पेप्टाइडे काढून टाकून पाहणे आवश्यक होते. ते साधन हाती येण्यास बराच काळ जावा लागला. २०१९ साली हॅन्सन, लमेत्र व सहकाऱ्यांनी दहा पेप्टाइडांची जनुके एकाच माशीतून वगळली. २०२१ साली अशा माश्यांच्या आतड्यातील जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पेप्टाइडांचा वसाहतीवर खरोखरच प्रभाव असतो, विशेषतः वाढत्या वयात, असे दिसले. मूळ अनुमान पुष्कळ अंशी योग्य होते. परंतु मधली तेरा वर्षे ते अनुमान असतानाही सिद्ध सत्य म्हणून उद्धृत होत राहिले, हे विसरून चालणार नाही.

दुसरी मर्यादा प्रयोगशाळेतील माशीची आहे. तिच्या आतड्यात मोजक्याच जातींचे जीवाणू असतात आणि त्यांची वस्ती तिच्या अन्नावर, त्या अन्नाच्या बाटल्या किती वेळा बदलल्या जातात ह्यावरही अवलंबून असते, हे २०१३ सालच्या एका अभ्यासाने दाखविले आहे. एका प्रयोगशाळेतील वसाहतीवरून बागेतील कुजक्या पेरूवर बसणाऱ्या माशीविषयी बोलताना म्हणूनच संयम हवा.

६. सहजीवी जीवाणू : नियमनाची खरी कसोटी

ज्या कीटकांना जीवाणूंवाचून जगताच येत नाही, त्यांच्या ठिकाणी नियमनाच्या प्रश्नाला धार येते. तांदूळ, गहू, ज्वारी ह्या धान्यांत पडणारे सोंडे महाराष्ट्रातील प्रत्येक घराच्या परिचयाचे आहेत. ह्या किड्यांच्या शरीरात खास पेशींच्या एका समूहात सहजीवी जीवाणू राहतात आणि धान्यातून न मिळणारी पोषकद्रव्ये पुरवितात. हे जीवाणू ग्रॅम-ऋण असून त्यांच्या भित्तीचे तुकडे इम्ड मार्ग चेतविण्यास समर्थ असतात. मग किड्याने त्यांना मारावे की पोसावे?

फ्रान्समधील संशोधकांनी ह्या प्रश्नाचे उत्तर दोन टप्प्यांत दिले. २०११ साली असे आढळले की, त्या पेशीसमूहात कोलिऑप्टेरिसिन-ए हे एकच पेप्टाइड सतत तयार होत असते. ते जीवाणूंना मारीत नाही. त्यांचे विभाजन रोखते, त्यामुळे ते लांबलचक होतात आणि आपल्या जागी राहतात. हे पेप्टाइड कमी केले की जीवाणू समूहाबाहेर पसरतात. पुढे २०१९ साली असे दिसले की, ह्या पेशींत पीजीआरपी-एलबी जीवाणूंच्या भित्तीचे तुकडे जागच्या जागी मोडून टाकते. ते नसल्यास तुकडे रक्तात जातात आणि सर्व शरीरभर निष्कारण प्रतिक्रिया सुरू होते. आफ्रिकेतील त्सेत्से माशीतही हेच प्रथिन तिच्या सहजीवी जीवाणूंना सांभाळते, हे २००९ साली दाखविले गेले होते.

शस्त्र म्हणून ओळखले गेलेले पेप्टाइड येथे कुंपणाचे काम करते, आणि फळमाशीत 'ऋण नियामक' म्हणून ज्याची गणना झाली ते प्रथिन येथे सहजीवनाचा आधार ठरते. युद्धाची परिभाषा (शत्रू, आक्रमण, शस्त्रागार, विजय) ह्या वस्तुस्थितीचे वर्णन करू शकत नाही. परिभाषेचा हा आक्षेप शब्दांपुरता नाही. युद्धाच्या कल्पनेत प्रतिकार जितका अधिक तितका चांगला. नियमन म्हणजे त्या प्रतिकाराला घातलेली वेसण. ह्या कल्पनेने प्रेरित झालेले प्रयोग प्रतिकाराचे जास्तीत जास्त प्रमाण मोजतात आणि योग्य प्रमाण कोणते हा प्रश्न विचारीतच नाहीत.

७. प्रतिक्रियेची किंमत आणि मोजमापाचा दोष

योग्य प्रमाणाचा प्रश्न टाळता येत नाही, ह्याचा स्पष्ट पुरावा भुंगेऱ्यांच्या अभ्यासातून मिळतो. पिठातील टेनेब्रिओ भुंगेऱ्यांत प्रतिकाराच्या वेळी फिनॉल-ऑक्सिडेज हे विकर काळे रंजकद्रव्य व त्याबरोबर विषारी उपपदार्थ निर्माण करते. ह्या प्रतिक्रियेने उत्सर्जनाच्या माल्पिगी नलिकांना इजा होते, असे २००६ साली सॅड व सिव्हा-जोथी ह्यांना आढळले. २०१७ साली बंगळूरचे इम्रोज खान व दीपा आगाशे आणि बर्लिनचे येन्स रोल्फ ह्यांनी हा धागा पुढे नेला. तरुणपणी उद्भवलेल्या प्रतिक्रियेची किंमत भुंगेऱ्याला लवकर येणाऱ्या वार्धक्याच्या रूपाने मोजावी लागते, आणि ते विकर कमी केले असता नलिकांची हानी कमी होऊन आयुष्य वाढते. वृद्ध भुंगेरे तरुणांपेक्षा जीवाणू अधिक वेगाने नाहीसे करतात, तरीही अधिक संख्येने मरतात, हा त्यांचा निष्कर्ष विशेष चिंतनीय आहे. जीवाणूंचा नाश हे यशाचे एकमेव माप मानले असते, तर ह्या वृद्ध भुंगेऱ्यांना पहिला क्रमांक द्यावा लागला असता.

हाच आक्षेप डिप्टेरिसिनच्या मापनाला लागू पडतो. पुष्कळ प्रबंधांत ह्या एका जनुकाचे वाचन हेच इम्ड मार्गाचे, आणि पर्यायाने साऱ्या प्रतिकाराचे, माप धरलेले असते. परंतु २००८ साली हेन व सहकाऱ्यांनी टेनेब्रिओत दाखविले की, टोचलेले बहुतांश जीवाणू पहिल्या तासाभरातच, पेप्टाइडांचे उत्पादन भरास येण्यापूर्वीच, नाहीसे होतात; पेप्टाइडे मागाहून येतात आणि उरलेल्या चिवट जीवाणूंना आवरतात. २०१७ साली ड्यूनो व सहकाऱ्यांनी फळमाशीत असे दाखविले की, एकाच वंशाच्या, एकाच मात्रेने संसर्ग दिलेल्या माशांपैकी काही मरतात आणि काही जगतात. जगणाऱ्या माशा जीवाणूंना संपूर्ण नष्ट करीत नाहीत, तर त्यांची संख्या एका पातळीवर रोखून उर्वरित आयुष्य त्यांच्यासह काढतात. अशा माशीत प्रतिक्रिया केव्हा थांबावी? ह्या प्रश्नाला रूढ चित्रात जागाच नाही, कारण त्यात प्रतिक्रियेचा शेवट म्हणजे जंतूचा शेवट असे गृहीत धरलेले आहे.

मार्गाचे जे एक माप मानले त्याचे कामही निराळे निघाले. डिप्टेरिसिन नसलेल्या माशा प्रॉव्हिडेन्सिया रेटगेरी ह्या जीवाणूपुढे विशेषेकरून दुबळ्या ठरतात, तर ड्रोसोसिन नसलेल्या माशा एन्टेरोबॅक्टर क्लोअकेपुढे, असे २०१९ सालच्या प्रयोगांत दिसले. २०२३ साली डिप्टेरिसिनच्या दोन प्रकारांपैकी एक प्रॉव्हिडेन्सियाविरुद्ध आणि दुसरा आतड्यातीलच अॅसेटोबॅक्टरविरुद्ध महत्त्वाचा आहे, असे प्रसिद्ध झाले. एकेका पेप्टाइडाला एवढे विशिष्ट कार्य असेल, तर त्यांपैकी एकाचे प्रमाण हे सर्वांचे प्रतिनिधी कसे होईल?

८. सामान्यीकरणाची मर्यादा

फळमाशीवरून 'कीटक' ह्या साऱ्या वर्गाविषयी विधाने करण्याची सवय ह्या क्षेत्रात खोल रुजली आहे. २००६ साली मधमाशीचा जनुकसंच उलगडला तेव्हा प्रतिकाराशी निगडित जनुककुळांत तिच्याकडे माशीच्या सुमारे एकतृतीयांश जनुके आढळली. २०१० साली वाटाण्यावरील माव्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि त्यात पीजीआरपी कुळ व इम्ड मार्गाचे प्रमुख घटकच नव्हते. मावा हा आपल्या सहजीवी जीवाणूंवर पूर्णपणे अवलंबून असणारा कीटक आहे. तेव्हा ह्या उणिवेचा संबंध त्या सहजीवनाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु सोंड्यानेही सहजीवन साधले आहे आणि त्याने मार्ग न टाकता त्याचे नियमन केले आहे. एकाच गरजेची दोन भिन्न उत्तरे निसर्गात दिसत असता त्यांपैकी एकावरून नियम बसविणे धाडसाचे होईल.

ह्या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे सांगता येईल. ह्या क्षेत्रातील प्रयोगांची गुणवत्ता उच्च आहे. जो दोष आहे तो त्यांच्या मांडणीत आहे. प्रतिक्रियेचा आरंभ हा मूळ विषय आणि तिचे नियमन ही पुरवणी, अशी जी योजना पहिल्या शोधांच्या प्रभावाने रूढ झाली, ती त्यानंतरच्या शोधांनीच अपुरी ठरविली आहे. निरोगी कीटकाच्या शरीरात ओळखीचे संदेश सतत येत असतात; प्रतिकाराची व्यवस्था निद्रिस्त नसते, ती आवरून धरलेली असते. म्हणून पुढील अभ्यासात 'ऋण नियामक' ही ढोबळ संज्ञा बाजूस ठेवून प्रत्येक घटकाविषयी तो उंबरठा ठरवितो, स्थिरता राखतो, कालावधी ठरवितो की स्थान निश्चित करतो, हे स्वतंत्रपणे विचारले पाहिजे. जनुकाचे वाचन, जीवाणूंची संख्या आणि कीटकाच्या शरीराची हानी ही तीन मापे एकाच प्रयोगात एकत्र घेतली पाहिजेत. त्यांपैकी एकानेच काढलेला निष्कर्ष अपुरा समजावा. आणि सुईने टोचलेल्या संसर्गाबरोबरच तोंडावाटे होणाऱ्या संसर्गाचाही विचार व्हावा, कारण कीटकाला जीवाणू भेटतात ते बहुधा अन्नाबरोबरच.

ह्या मागण्या खर्चिक नाहीत. भुंगेरे, सोंडे आणि फळमाश्या आपल्याकडील कोणत्याही प्राणिशास्त्र विभागात वाढविता येतात, आणि जीवाणूंची संख्या मोजण्यास आगरच्या तबकड्या पुरतात. जे मार्ग अन्यत्र मोठ्या साधनसामग्रीने शोधून काढण्यात आले, त्यांचे प्रमाण व त्यांची मर्यादा ठरविण्याचे काम अजून पुष्कळसे शिल्लक आहे, आणि त्यासाठी साधनांपेक्षा प्रश्न नेमका विचारण्याची सवय अधिक उपयोगी पडणार आहे.